ब्लाझ कोरेनची काजळी

आमच्या फेरलाखमध्ये, ऑस्ट्रियातल्या या बंदुका करणाऱ्यांच्या गावात, ब्लाझ कोरेनचं नाव निघालं की लोक अजूनही कानशिलाशी बोट नेऊन फिरवतात. चांगली धडधाकट रायफल स्वतःच्या हातानं कापणारा वेडा! कुणी म्हणतं डोकं फिरलं होतं, कुणी म्हणतं नक्षीवाल्याचा हेवा. असं म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना कानस कुठल्या बाजूनं धरतात हे माहीत नाही. उरलेल्या निम्म्यांना सगळं माहीत आहे आणि तरी ते म्हणतात. पहिल्यांना मी माफ करतो. दुसऱ्यांची मला शिसारी येते.

मी रूपर्ट. बंदुकीचे दस्ते करायचो, अक्रोडाच्या लाकडाचे. एकोणीस वर्षं माझं बाक आणि ब्लाझचं बाक एकाच खिडकीखाली होतं, 'प्लोनर आणि पुत्र' या कारखान्यात. प्लोनरला पुत्र नव्हता. एक मुलगी होती, ती लग्न करून ग्रात्सला गेली आणि बापाची पत्रं न फोडता चुलीत घालते असं ऐकून होतो. पण पाटीवर 'पुत्र' असला की गिऱ्हाइकाला घराणं जुनं वाटतं, म्हणून पुत्र. ब्लाझला हे कळल्यावर तो महिन्यातून एकदा तरी अगदी गंभीर तोंड करून विचारायचा,

"मालक, धाकटे मालक कसे आहेत?"

"कोण धाकटे मालक?"

"पाटीवरचे."

प्लोनर दात दाखवून हसायचा. दुसरा कुणी असं बोलला असता तर त्याला त्याच दिवशी रस्ता दाखवला असता. पण बंदुकीची पेटी बसवावी तर ब्लाझनंच, हे प्लोनरलाही ठाऊक होतं.

आमची रायफल एका वेळी एकच गोळी उडवणारी. ती मधोमध उघडते. नळी पुढं झुकते, तिच्यात काडतूस घालायचं आणि नळी वर घेऊन बंद करायची. नळीचं बूड ज्या पोलादी पेटीत येऊन बसतं ती पेटी आणि पेटीची मागची उभी भिंत, हे ब्लाझचं काम. गोळी पुढं सुटते तेव्हा तेवढाच दणका मागं त्या भिंतीवर बसतो, आणि भिंतीच्या मागं वीतभर अंतरावर माणसाचा गाल असतो. 'इतकं कशाला घासत बसतोस रे?' असं कुणी विचारलं की ब्लाझ म्हणायचा, "पुढं रेडा असेल तर त्याची काळजी रेडा करील. मागं तोंड असतं."

त्याच्या बाकावर पत्र्याची एक चिमणी जळत असायची. पेटीची भिंत चिमणीवर धरायची, तिला काजळी धरली की नळी बंद करायची आणि उघडायची. नळीच्या बुडावर जिथं काळं उमटलं नाही तिथं दोन पोलादं एकमेकांना टेकत नाहीत. मग जिथं टेकतात तिथं कानशीचा एक हलका हात, पुसायचं, पुन्हा काजळी. दिवसाला दोनशे वेळा तेच. आठवडाभर मी शेजारी बसून एका दस्त्याला वळण द्यायचो आणि हा आठवडाभर काळं उमटवायचा आणि पुसायचा. त्याच्या नाकपुड्या कायमच्या काळ्या. तो बहिणीकडे राहायचा. ती नोट्बुर्गा त्याला वेगळा टॉवेल द्यायची आणि रविवारी चर्चला निघताना या पन्नाशीच्या माणसाचे कान धरून तपासायची.

शिकारीला तो आयुष्यात गेला नाही. हरणाचं मांस समोर आलं की ताट सरकवायचा. आम्ही चिडवायचो, तर म्हणायचा, "मी बूट शिवतो. नाचायला जात नाही."

मला तो 'लाकूडतोड्या' म्हणायचा. माझा दस्ता पेटीला नीट बसला नाही तर सगळ्यांसमोर म्हणायचा, "या लाकूडतोड्याला कुणी झाड दाखवा रे, हा माझ्या बंदुकीला कुंपण घालतोय." आणि बसला तर काही बोलायचा नाही. त्या न बोलण्यासाठी मी मरमर मरायचो.

एकोणीसशे एकसष्ट सालच्या वसंतात हाइडाख आला. जॅमचा कारखानदार. सरकारनं त्याला व्यापारासाठी काहीतरी लांबलचक उपाधी दिली होती आणि ती उच्चारल्याशिवाय तो वळून बघत नसे. हातांना जर्दाळूचा वास. जन्मभर फळं शिजवली, आता त्याला आफ्रिकेत जाऊन रानरेडा मारायचा होता, आणि तोही एकाच गोळीत, कारण दोन गोळ्यांची बंदूक म्हणे भित्र्यांची. त्यानं मागितलेलं काडतूस माझ्या अंगठ्याहून जाड आणि पंज्याएवढं लांब होतं. ते टेबलावर उभं करून प्लोनर त्याच्याकडे देव्हाऱ्यातल्या देवाकडे बघावं तसा बघत राहिला.

"हलकी हवी," हाइडाख म्हणाला. "दिवसभर खांद्यावर वागवायची आहे."

"हलकी होईल," प्लोनर म्हणाला.

"होणार नाही," ब्लाझ बाकावरून म्हणाला. मान वर न करता. "एवढ्या काडतुसाला हलकी केली तर खांद्यावर वागवायला खांदा राहायचा नाही."

हाइडाखला हसू आलं. खरं सांगायचं तर तो माणूस वाईट नव्हता. मला हे कबूल करायला आवडत नाही, कारण त्याला नालायक ठरवलं तर माझी गोष्ट सोपी होते. त्यानं जड बंदूक मान्य केली.

ब्लाझनं पेटी भरभक्कम ठेवली. प्लोनर तिला 'गवंडीकाम' म्हणाला. पुढच्या ऑगस्टमध्ये रायफल बिनरंगाची, बिननक्षीची, तशीच कच्ची सरकारी चाचणीघरात गेली. तिथं लोखंडी दाराआड तिला खुंटाला आवळतात, नेहमीपेक्षा जास्त जोराचं काडतूस भरतात आणि बाहेरून दोरी ओढतात. टिकली तर शिक्का. ब्लाझ प्रत्येक बंदूक स्वतः घेऊन जायचा आणि बाहेरच्या बाकड्यावर टोपी मांडीवर घेऊन बसायचा, बायको आत बाळंत होत असल्यासारखा. ही टिकली. परत आणून त्यानं काजळी धरली. पूर्ण गोल काळं उमटलं, सगळीकडे सारखं. त्यानं ते मला दाखवलं आणि त्या दिवशी चार वाजताच चिमणी विझवली, जे त्यानं त्याआधी कधी केलं नव्हतं.

शिक्का बसल्यावर बंदूक नक्षीवाल्याकडे जाते. आमचा नक्षीवाला ओस्वाल्ड. हात सोन्याचा आणि डोकं फुग्याचं. त्यानं पेटीच्या अंगावर सपाट रेघांत रेडा काढला होता, छान होता. हाइडाख मधेच बघायला आला आणि म्हणाला, "हा झोपलाय. मला तो माझ्या अंगावर येताना हवा." झालं. रेडा बाहेर यायचा तर त्याच्या भोवतीचं पोलाद आत जायला हवं. ओस्वाल्डनं तीन आठवडे छिन्नी चालवली. शिंगं बाहेर आली, नाकपुड्या बाहेर आल्या, आणि नेमकं जिथं पेटीची भिंत तळातून वर उठते त्या कोपऱ्यात त्यानं गवत खोदलं. आख्ख्या पेटीत जास्तीत जास्त जोर जिथं बसतो, तिथं त्या गाढवानं गवत खोदलं.

बंदूक परत आली तेव्हा ब्लाझनं आधी माप लावलं. मग चष्मा पुसला आणि पुन्हा लावलं. मग तो ओस्वाल्डच्या बाकाशी गेला.

"हे काय केलंस?"

"रेडा."

"रेडा दिसतोय. माझी भिंत कुठं गेली?"

"भिंतीतूनच रेडा येतो, कोरेन. मग काय गोठ्यातून आणू?"

सगळे हसले. मीही हसलो. ब्लाझ हसला नाही. तो चिडला की त्याच्या आईच्या भाषेत, स्लोव्हेनमध्ये, शिवी द्यायचा, तीही असली की ऐकणाऱ्याला हसू यावं. "तीनशे केसाळ अस्वलं!" म्हणाला आणि पेटी घेऊन वर मालकाच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं, आम्हाला खाली सगळं ऐकू येत होतं.

"पुन्हा चाचणीला पाठवा, मालक."

"शिक्का आहे ना तिच्यावर?"

"शिक्का आहे तो ज्या पोलादावर मारला त्याचा. ते पोलाद ओस्वाल्डच्या बाकाखाली केराच्या सुपलीत पडलंय."

"कोरेन, हे बघ. साहेबांची बोट नोव्हेंबरच्या तीन तारखेला सुटते. पुन्हा चाचणी म्हणजे दस्ता काढा, रंग घालवा, आणि समजा फुगली तर? दीड वर्ष पाण्यात."

"फुगली तर तिथं फुगू दे. तिथं दार लोखंडाचं आहे."

"जा, काम कर."

नियम असा आहे की शिक्क्यानंतर पोलाद काढलं तर बंदूक पुन्हा चाचणीला न्यायची. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण आमची खोड ही, की एकदा शिक्का दिसला की पुढं कुणी बघत नाही. बाहेरगावचा माणूस असा चुकणार नाही, तो घाबरून दहा वेळा विचारील. आमचे आजे-पणजे बंदुका करत होते म्हणून आम्ही विचारत नाही. शिक्का चाटून पोट भरणारी जात आमची.

आता माझं सांगतो. त्याच आठवड्यात प्लोनरनं मला बोलावून विचारलं होतं, कारखान्यावरची वरची जागा रिकामी होतेय, घेतोस का? मुकादम झालास तर जागा तुझी. दोन खोल्या आणि न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ. माझी बायको हेर्मिने तेव्हा अकरा वर्षं चुलीवर पातेली चढवून पाणी तापवत होती. मी तिला त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. ती नुसती नळ फिरवल्यासारखा हात हवेत फिरवून हसली. असल्या गोष्टीसाठी माणूस विकला जातो. राजवाड्यासाठी विकला गेलो असतो तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं.

बंदूक तयार झाली की आमच्याकडे एक रीत होती. पेटी ज्यानं बसवली त्यानंच पहिल्या दोन गोळ्या गिऱ्हाइकासमोर स्वतःच्या खांद्यावरून उडवायच्या. मग बंदूक त्यानंच पुसायची, आणि मग ती जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवून सगळ्यांनी तिच्याभोवती जेवायचं. ऑक्टोबरच्या मध्यावर एका शनिवारी सकाळी आम्ही ड्राउ नदीकाठच्या खाणीत जमलो. हाइडाख नव्या हिरव्या कोटात. प्लोनरनं बंदूक ब्लाझपुढं केली.

ब्लाझनं हात खिशात घातले. "मी ओढणार नाही. आधी चाचणी होऊ दे."

कुणालाच काय करावं कळेना. असं कधी झालंच नव्हतं. हाइडाखनं विचारलं, "हे का नाही म्हणतायत?"

"डोळे गेलेत हो त्याचे," प्लोनर पटकन म्हणाला. "नेम चुकेल म्हणून लाजतो."

"नेम नाही चुकणार," ब्लाझ म्हणाला. "पण—"

"पँट ओली झाली असेल," ओस्वाल्ड ओरडला. "आणा इकडं! माझा रेडा आहे, मी त्याला घाबरत नाही." आणि त्यानं बंदूक घेतली, काडतूस भरलं, खांद्याला लावली. मी ब्लाझकडे बघत होतो. त्यानं डोळे मिटले नाहीत. तो ओस्वाल्डच्या गालाकडे टक लावून बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते.

धडाम. खाणीतून आवाज परत आला. ओस्वाल्ड दोन पावलं मागं गेला आणि खदाखदा हसला. दुसरी गोळी. फळीवर दोन्ही भोकं शेजारी शेजारी. टोप्या उडाल्या, पाठीवर थापा पडल्या, आणि ब्लाझच्या दिशेनं जे काही बोललं गेलं ते मी लिहीत नाही. त्यातलं एक वाक्य त्याच्या आईच्या भाषेबद्दल होतं. आमच्या भागात माणूस भित्रा निघाला की आधी त्याची भाषा काढतात. मी तोंडातून ब्र काढला नाही.

कारखान्यावर परत आल्यावर लोक वर जेवायला गेले. पुसायची रीत तरी ब्लाझची होती, ती कुणी हिसकावली नाही. थोड्या वेळानं त्यानं जिन्यातून मला हाक मारली.

"ए लाकूडतोड्या, खाली ये."

चिमणी पेटलेली होती. त्यानं काजळी धरली, नळी बंद केली, उघडली आणि माझ्यापुढं धरली. वरच्या बाजूला नखाच्या कोरीएवढी जागा पांढरी होती. त्यानं पुसलं आणि पुन्हा केलं. तिथंच पांढरं. मग त्यानं बंदूक माझ्या हातात दिली.

"तू कर. मला खोटं पाडून दाखव. मी तुला बिअर पाजतो."

मी केलं. माझे हात लाकडाचे, पण काजळी कुणालाही धरता येते. बंद केली, उघडली. नखाची कोर. पांढरी स्वच्छ.

"भिंत मागं कललीय," ब्लाझ हळू आवाजात म्हणाला. "दोन गोळ्यांत एवढी. हा तिकडं जाऊन किती उडवेल? तीस? चाळीस? तिसाव्या गोळीला त्याच्या तोंडाचं काय होईल सांग."

"बघितलं मी."

"बघितलंस ना? मग चल वर. एकट्याचं कुणी ऐकत नाही, दोघांचं ऐकावं लागतं."

वर टेबल मांडलेलं होतं. प्लोनरच्या बायकोनं कासनूडेल केले होते. उकडलेल्या करंज्याच म्हणा, आत चक्का आणि पुदिना, वरून खरपूस लोणी, कडेला इतकी सुबक मुरड की तोडायला जीव होऊ नये. मधोमध पांढरं कापड रिकामं. ब्लाझनं बंदूक उघडीच त्या कापडावर ठेवली आणि बोट दाखवलं.

"साहेब, हे पांढरं बघा. सकाळी इथं काळं उमटत होतं."

प्लोनर उठला, खिशातून रुमाल काढला आणि ती काजळी एका फटक्यात पुसून टाकली. "कापड खराब करतोयस, कोरेन. काजळी नीट लागली नसेल."

"पुन्हा लावून दाखवतो."

"जेवण थंड होतंय."

"मालक, माझं ऐकू नका. रूपर्टला विचारा. त्यानं स्वतःच्या हातानं केलंय."

प्लोनरनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत धमकी नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. तो अगदी गोड बघत होता, घरचा माणूस असल्यासारखा. पण विचारलं त्यानं नाही. विचारलं हाइडाखनं. त्या जॅमवाल्यानं काटा खाली ठेवला, माझ्याकडे पूर्ण वळून बसला आणि म्हणाला, "तुम्ही बघितलंत का? तुम्ही हो म्हणालात तर मी बोट सोडून देतो. घाई मला नाही."

एवढं सोपं होतं. त्यानं ते माझ्या हातात आयतं आणून ठेवलं होतं. एक शब्द. एका शब्दानं बंदूक परत लोखंडी दाराआड गेली असती, टिकली तर टिकली, फुगली तर फुगली, आणि कुणाच्या तोंडाला काही झालं नसतं.

मी म्हणालो, "मला लाकडातलं कळतं, साहेब. लोखंडातलं नाही."

ओस्वाल्ड फिदीफिदी हसला. हाइडाखनं मान डोलवली आणि काटा उचलला. ब्लाझ माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. एखादं माप चुकीचं आलं की तो जसा बघायचा, तसा. मग त्यानं बंदूक उचलली आणि म्हणाला, "काजळीचे डाग राहिलेत. पुसून आणतो."

"आण, आण," प्लोनर म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

तो खाली गेला. आम्ही जेवू लागलो. थोड्या वेळानं खालून आवाज यायला लागला, हॅक्सॉचा. बंदुकीच्या कारखान्यात करवतीचा आवाज आला तर कोण मान वर करतं? टेबलावर बसलेल्यांत नेमकं काय कापलं जातंय ते एकट्या मला कळत होतं. लाकडाचा नव्हता, पत्र्याचा नव्हता. जाड पोलादावर नवं पातं बसवून सावकाश, न थांबता चालवलेला हात होता. मध्ये पातं तुटलं. दुसरं बसवेपर्यंत शांतता. मग पुन्हा सुरू. मला उठता आलं असतं. थांबवायला किंवा साथ द्यायला, कशालाही. मी चौथा कासनूडेल घेतला. माझ्या हनुवटीवरून लोणी ओघळत होतं आणि प्लोनरची बायको म्हणाली, "रूपर्टना आवडलेले दिसतायत."

तो वर आला तेव्हा बंदूक दोन तुकड्यांत होती. पेटी आडवी, भिंतीच्या अगदी मुळातून कापलेली, ओस्वाल्डच्या रेड्याच्या मानेतून. त्यानं दोन्ही तुकडे पांढऱ्या कापडावर नीट जुळवून ठेवले. "आता जावा आफ्रिकेला," म्हणाला आणि खुंटीवरून टोपी घेतली.

प्लोनर किंचाळला. ओस्वाल्ड खरोखर रडला, मोठ्यानं, नाक गळेपर्यंत. हाइडाखनं एक तुकडा उचलला, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि तो खाली ठेवला. प्लोनरनं पोलीस बोलावले नाहीत. बोलावले असते तर पुन्हा चाचणी का झाली नाही हा पहिला प्रश्न निघाला असता.

आणि आता पुरावा कुठं होता? कापलेली पेटी कुणी तपासणार नव्हतं. तिसाव्या गोळीला काय झालं असतं ते कधीच कळणार नव्हतं. कुणाचं तोंड फुटलं असतं तर गावानं ब्लाझला शहाणा म्हटलं असतं. फुटलं नाही, म्हणून तो वेडा. हे मला अजून गिळवत नाही.

गावातल्या एकाही कारखान्यानं त्याला पुन्हा बाकावर बसवलं नाही. तो नोट्बुर्गाच्या गोठ्यामागच्या पडवीत गवत कापायच्या विळ्यांना धार लावायला लागला, दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायला लागला. मला जागा मिळाली. रोज सकाळी नळ सोडला की वाफ यायची आणि हेर्मिने न्हाणीघरातून गुणगुणायची. मी प्लोनरकडे आणखी चौदा वर्षं काढली. लोक बोट कानशिलाशी न्यायचे तेव्हा मी न्यायचो नाही, पण त्यांचा हात धरून खालीही आणला नाही.

ब्लाझला भेटायला मला अकरा वर्षं लागली. त्र्याहत्तर सालच्या जूनमध्ये एक विळा मुद्दाम दगडावर आपटून बोथट केला आणि तो निमित्ताला घेऊन गेलो. म्हातारा झाला होता. नाकपुड्या स्वच्छ होत्या, ते बघायला फार विचित्र वाटलं.

"काय रे लाकूडतोड्या," तो म्हणाला. "दगड कापत होतास काय?"

मी हसलो आणि बसलो. तो धार लावत राहिला. मी घरून पाठ करून आलो होतो, म्हणून एका दमात बोललो. मी तेव्हा खोटं बोललो, मी बघितलं होतं, तुझी नोकरी माझ्यामुळं गेली, तू मला एकदाही शिवी दिली नाहीस, आज दे.

त्यानं विळा उलटा केला, दुसऱ्या बाजूला हात घातला.

"नोकरीचं काही नाही," तो म्हणाला. "मला ती कापायची नव्हती रे. मी तुला वर नेलं ते त्यासाठीच. तू हो म्हणाला असतास तर ती नुसती परत चाचणीला गेली असती. टिकलीही असती कदाचित. ओस्वाल्डचं गवत भरून काढलं असतं, काहीतरी केलं असतं मी. तू नाही म्हणालास, मग माझ्याकडं करवतच उरली."

त्यानं पात्यावर अंगठा आडवा फिरवून धार बघितली.

"तशी पेटी मला पुन्हा जमली नसती. आधीही कधी जमली नव्हती."

मग त्यानं विळा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, जपून ने, आता तो लागेल.